टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाच्या नावानं आज दीर्घिकांचा एक अख्खा प्रकार ओळखला जातो

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशविलमध्ये लोक टीव्ही लावायचे, तेव्हा उद्या पाऊस पडणार का हे सांगायला एक प्राध्यापक यायचे. त्यांचं नाव कार्ल सिफर्ट. या माणसानं काही वर्षांपूर्वी काय शोधून ठेवलंय, याची बघणाऱ्यांपैकी किती जणांना कल्पना असेल?

सिफर्ट यांचा जन्म १९११ चा, क्लीव्हलँडचा. हार्वर्डला गेले ते डॉक्टर व्हायला. तिथं बार्ट बॉक या खगोलशास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकलं आणि गडी फिरला. १९३६ मध्ये पीएचडी झाली, पण खगोलशास्त्रात. बायको म्युरिएलसुद्धा त्याच क्षेत्रातली.

पुढं ते माउंट विल्सनच्या वेधशाळेत गेले आणि १९४३ मध्ये त्यांचा एक पेपर आला. विषय होता सहा सर्पिल दीर्घिका, ज्यांचं केंद्र लहानशा ताऱ्यासारखं लखलखत होतं. त्या प्रकाशाचा वर्णपट काढला तर रेषा पसरट दिसल्या. म्हणजे केंद्राजवळचा वायू भन्नाट वेगानं पळतोय. काही ठिकाणी वेग निघाला सेकंदाला ८,५०० किलोमीटर! साध्या ताऱ्यांच्या गर्दीला हे जमणारं नव्हतं.

पण काळ महायुद्धाचा. पेपर बरीच वर्षं तसाच पडून राहिला.

सिफर्ट १९४६ मध्ये नॅशविलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. तिथं होती जेमतेम सहा इंची दुर्बीण. मग हा माणूस गावातल्या उद्योजकांची दारं ठोठावत फिरला, मदत गोळा केली आणि १९५३ मध्ये २४ इंची दुर्बिणीची डायर वेधशाळा उभी केली. (आपल्याकडच्या प्राध्यापकांना हे ओळखीचं वाटेल.)

तोवर रेडिओ दुर्बिणी आल्या होत्या. १९५५ मध्ये सिफर्ट यांच्या यादीतल्या एनजीसी १०६८ आणि एनजीसी १२७५ या दोन दीर्घिकांमधून रेडिओ लहरी येताना सापडल्या. १९५९ पासून शास्त्रज्ञ त्यांच्या कामाकडं नव्यानं वळायला लागले, आणि १३ जून १९६० ला नॅशविलमध्येच मोटार अपघातात सिफर्ट गेले. वय फक्त ४९.

तीन वर्षांत क्वेसारचं कोडं उलगडलं. हळूहळू कळलं की या केंद्रांत प्रचंड कृष्णविवर बसलंय. त्याच्याकडं ओढला जाणारा वायू तापून चमकतो आणि थोडं द्रव्य झोतासारखं बाहेर फेकलं जातं. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात. एनजीसी १०६८ मध्ये ही रेडिओ रचना सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं पसरलीय. मोठ्या रेडिओ दीर्घिकांचे झोत लाखो प्रकाशवर्षं जातात, त्यापुढं हे पिल्लूच. सर्पिल दीर्घिकेत वायू दाटलेला असतो. दुबळा झोत त्यात अडखळतो, वाकतो, फुगा होऊन पसरतो. गंमत म्हणजे हे झोत दीर्घिकेच्या तबकडीला काटकोनातच निघतात असंही नाही, कुठल्याही दिशेला तोंड असतं.

यात आपलं नारायणगावही आहे बरं का. तिथल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनं एनजीसी ४२३५ ही सिफर्ट दीर्घिका पाहिली. २०१६ मध्ये त्यावर पेपर आला. तिच्याभोवती जुन्या, विझत चाललेल्या रेडिओ फुग्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे तिथलं कृष्णविवर मधे शांत होऊन पुन्हा जागं झालं असावं.

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला सिफर्ट यांच्या नावाचं एक विवर आहे, आणि डायर वेधशाळेतल्या २४ इंची दुर्बिणीलाही त्यांचंच नाव दिलंय.