रॉबर्ट वॉरिंग्टन आणि काचेतले तळे

मित्रांनो, गेल्या पावसाळ्यात आपण ओढ्यातले चार मासे वर्गातल्या बरणीत ठेवले होते, आठवतात ना? चुरमुरे तर मूठ-मूठ टाकत होतो. पाणी गढूळ होऊन वास मारू लागले आणि तिसऱ्या दिवशी चारही मासे उलटे तरंगले. तेव्हा गुरुजींनी ज्यांची गोष्ट सांगितली, त्यांचे हे चरित्र.

रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा जन्म ७ सप्टेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील शिअरनेस येथे झाला. १८२२ साली ते एका रसायनशास्त्रज्ञाकडे उमेदवारीस लागले. पुढे काही वर्षे बिअरच्या कारखान्यात नोकरी केली. १८४१ साली लंडनला केमिकल सोसायटी स्थापन झाली, ती मुख्यतः यांच्याच खटपटीने. १८४२ पासून ते औषधे बनवणाऱ्या अपोथेकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होते.

वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात हे तेव्हा माहीत होते. मग मासा आणि रोप एकाच भांड्यात ठेवले तर पाणी न बदलता दोघे जगतील काय? १८४९ साली वॉरिंग्टननी बारा गॅलनचे, म्हणजे चार घागरी तरी मावतील एवढे, काचपात्र घेतले. तळाशी वाळू आणि चिखल घातला. माशांना लपायला दगड रचले. झऱ्याचे पाणी अर्ध्यापर्यंत भरले, वॅलिस्नेरिया नावाचे गवतासारखे पाणरोप लावले आणि दोन लहान सोनमासे सोडले.

सुरुवातीला छान चालले. मग रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर हिरवे शेवाळ चढले. आपण असतो तर सगळे ओतून दिले असते! वॉरिंग्टननी तसे केले नाही. खऱ्या तळ्यात कुजलेले कोण खाते, याचा त्यांनी विचार केला आणि पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले. त्यांची अंडी माशांना खाऊ झाली, माशांची घाण रोपाला खत झाली. पाणी निवळले. १८५० साली त्यांनी हे सोसायटीच्या त्रैमासिकात छापले.

१७ नोव्हेंबर १८६७ रोजी ते वारले. एक गोष्ट मात्र त्यांना दिसली नव्हती. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव वाळूत, दगडावर असतात. हे काम दोन टप्प्यांत, दोन निरनिराळ्या जिवांकडून होते, हे शेतातल्या मातीवर प्रयोग करताना दाखवले कोणी? त्यांच्याच मुलाने! त्याचेही नाव रॉबर्टच. हे जीव नव्या भांड्यात पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात. आपण तर पहिल्याच दिवशी चार मासे सोडले होते.

आता बरणीत वाळू आहे, ओढ्यातले पाणरोप आहे, दोन गोगलगायी आहेत. मासा अजून सोडलेला नाही. कोणीही चुरमुरे टाकू नयेत.