मुंबईचे बेट आणि मुळशीचा सेनापती

चैत्रातील यात्रेला आमच्या कार्ल्याच्या डोंगरावर पालख्या चढू लागल्या, की मुंबईचे कोळीवाडेच जणू एकवीरेच्या पायऱ्यांवर अवतरतात. मुंबई बेटांचे हे मूळ रहिवासी. पुढे भराव घालून सात बेटांचे एक बेट झाले. परंतु त्यावरील समाज मात्र दुभंगलेलाच राहिला. भांडवल मुख्यत्वे गुजराती व पारशी पेढ्यांचे आणि गिरणीत घाम गाळणारा बहुतांशी कोकणातला व घाटावरचा मराठी माणूस! भाषावार राज्यरचनेच्या वेळी या बेटाचे भवितव्य कोणी ठरवायचे, असा प्रश्न उभा राहिला. पंचाहत्तरी गाठलेले सेनापती बापट त्यासाठी रस्त्यावर उतरले. त्यांना सेनापती ही पदवी मिळाली ती मात्र मावळच्या शेजारी, मुळशीत.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजमधून पदवी घेऊन, विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून ते यंत्रविद्या शिकण्यासाठी विलायतेस गेले. पण पारतंत्र्याची जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. राजकारणापायी शिष्यवृत्ती गेली, लंडनमध्ये सावरकरांचा सहवास लाभला आणि बाँबविद्येची माहिती घेऊन १९०८ साली ते मायदेशी परतले. त्यानंतर अज्ञातवास आला, अटकही झाली. सुटून आल्यावर याच क्रांतिकारकाने पारनेरला हाती झाडू घेऊन रस्ते झाडले.

१९२१ साली मुळशीचा लढा सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनी मुळा व निला नद्यांच्या संगमावर धरण बांधीत होती. भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती आणि त्या मावळ्यांना कोणी विचारलेसुद्धा नव्हते. यंत्रविद्येसाठी विलायतेस गेलेला हा गृहस्थ विजेचा शत्रू खासच नव्हता. त्यांचा आक्षेप एवढाच होता, की ज्याची भूमी त्याच्या संमतीवाचून तिचा सौदा होऊ नये. अखेर १९२४ साली त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडविली, पिस्तूलही वापरले आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण झाले, लढा हरला. पण तो प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१९५५ च्या मे महिन्यात गोवामुक्तीसाठी नानासाहेब गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते पोर्तुगीज हद्दीत शिरले. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाने द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले. नोव्हेंबरात बापटांच्या नेतृत्वाखाली विधानसभेवर गेलेल्या मोर्चाला अश्रुधुराने उत्तर मिळाले. २१ तारखेला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. त्या लढ्यात शंभराहून अधिक हुतात्मे झाले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या मुंबईसाठी मुळशी बुडाली, त्याच मुंबईतील श्रमिकांच्या हक्कासाठी मुळशीचा सेनापती लढला, हे विसरून चालणार नाही.

तरीही बेळगाव बाहेर राहिले. १९६६ साली, शहाऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केले आणि महाजन आयोग नेमला गेला. मात्र बेळगाववरील महाराष्ट्राचा दावा आयोगाने १९६७ साली अमान्य केला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सेनापतींचे देहावसान झाले.

मित्रहो, त्याच १९६७ च्या जानेवारीत गोमंतकीयांनी जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. आपल्यापैकी अनेकांना तो आजही खुपतो. परंतु मुळशीकराला विचारा, मुंबईकराला विचारा, असे म्हणणाऱ्यांनी गोवेकराचे उत्तरही मानलेच पाहिजे. लोकांना विचारायचे ते आपल्या मनासारखे उत्तर येईल तेव्हाच, असे म्हटले तर ते स्वयंनिर्णयाचे तत्त्व उरत नाही. तो केवळ आपला हट्ट ठरतो.

सेनापतींचे नाव आज पुण्यामुंबईच्या हमरस्त्यांना आहे. त्या रस्त्यांवरून जाताना, वसतिगृहात दिवा लावताना, ही वीज कोणाच्या शेतावरून आली एवढे जरी आपल्या मनात आले, तरी त्यांचे स्मरण सार्थ होईल.