फॅरेडे यांचे सोन्याचे लाल पाणी

परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण बांधून जलविद्युत केंद्र उभारण्यात आले. तेथील जनित्रामागचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. उतारवयात त्यांनी सोन्यावर केलेले काम मात्र उपेक्षितच राहिले.

लोहाराच्या घरी २२ सप्टेंबर १७९१ रोजी जन्मलेल्या फॅरेडे यांचे शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरतेच झाले. चौदाव्या वर्षी ते लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस लागले आणि बांधणीला आलेले ग्रंथ वाचू लागले. हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी स्वतः बांधून डेव्हींनाच पाठवली. १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाले. द्रवातून वीज वाहताना इकडून तिकडे जाणाऱ्या विद्युतभारित घटकांना ‘आयन’ हे नाव त्यांनीच १८३४ मध्ये, विल्यम व्हेवेल यांच्या सल्ल्याने, रूढ केले.

साठीकडे झुकताना स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. नोंदवहीवाचून कालचा प्रयोगही आठवेना. तरीही १८५६ मध्ये ते सोन्याकडे वळले. सोन्याच्या क्षाराच्या विरळ द्रावणावर फॉस्फरसची क्रिया केली असता पाण्याच्या पृष्ठभागावर सोन्याचा तलम पापुद्रा धरे, तर कधी सारे पाणीच माणकासारखे लाल होई. हा रंग सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या सुवर्णकणांचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चिमूटभर मीठ पडताच लाल पाणी निळे होई. जिलेटिन मिसळलेले असल्यास मात्र रंग टिके.

याचा उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. कणांवरील समान विद्युतभार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. मिठातील आयन भोवती जमले, की हा दुरावा संपतो आणि कण एकमेकांना चिकटतात. जिलेटिनचे वेष्टन त्यांना अलग राखते. एकविसाव्या शतकात पॉलिमरचे वेष्टन दिलेले सुवर्णकण मिठाच्या पाण्यात पृष्ठभागाशी येऊन शिस्तीत रांगा धरतात, असे क्ष-किरणांनी दाखवले. म्हणजे फॅरेडे यांचा पापुद्रा आणि त्यांचेच आयन, दोन्ही पुन्हा एकाच भांड्यात आले!

सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारणारे फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निवर्तले. त्यांनी बनवलेल्या सुवर्णद्रवाच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवल्या आहेत.