रेव्हरंड बाबा पदमनजी

मराठी कादंबरीचा इतिहास सांगावयाचा झाला, म्हणजे आरंभीच एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे नाव घ्यावे लागते. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक लिहिणारे रेव्हरंड बाबा पदमनजी हे ते गृहस्थ होत. त्यांचा जन्म पुण्यास किंवा मुंबईस झाला नाही. तो बेळगावास, कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या गावी झाला. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या आमच्या विद्यार्थ्यांना घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलण्याची सवय आहे. तेव्हा सीमेवर वाढलेल्या या लेखकाचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

बाबांचा जन्म १८३१ साली एका कासार कुटुंबात झाला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम छापून निघाला तोही याच सालचा. या कोशाशी पुढे बाबांचा निकटचा संबंध यावयाचा होता. घरचे वातावरण धार्मिक होते. लहानपणी बाबा देवपूजा, उपासतापास, पोथीवाचन मोठ्या निष्ठेने करीत. बेळगावास लंडन मिशनची शाळा होती. तेथे इंग्रजी शिक्षणाबरोबर बायबलाचाही परिचय झाला. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि तेथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या विद्यालयात मरे मिचेल यांच्यासारख्या विद्वान मिशनऱ्यांचा सहवास त्यांना लाभला.

तो काळ मोठ्या वैचारिक खळबळीचा होता. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडावा आणि एकाच ईश्वराची भक्ती करावी, असे तिचे मत होते. परंतु समाजाच्या भीतीमुळे तिचे सारे काम गुप्तपणे चाले. बाबा या सभेचे सभासद झाले. तथापि जे खरे वाटते ते दार लावून आचरावयाचे, ही रीत त्यांच्या मनाला फार दिवस मानवली नाही. अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी आपल्या जन्मगावी, बेळगावासच, बाप्तिस्मा घेतला. परक्या शहरात हे करणे सोपे होते. जेथे प्रत्येक जण ओळखतो तेथे ते करणे कठीण होते.

या निर्णयाची किंमतही जबर होती. आईबापांच्या दुःखाला पार राहिला नाही. पत्नी त्यांच्याबरोबर नांदावयास आली नाही आणि तो संसार मोडला. पुढे त्यांनी एका ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला. बाबांचा मार्ग योग्य होता की नाही, याविषयी वाचकांची मते भिन्न असतील. परंतु त्या घरात दुःख एकट्या बाबांच्याच वाट्यास आले नाही, त्या पत्नीच्या आणि आईबापांच्याही वाट्यास आले, हे आपण विसरता कामा नये.

धर्मांतरानंतर अवघ्या तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा संमत झाला होता. परंतु कायदा झाला म्हणून घराघरांतील रूढी बदलली नव्हती. या कादंबरीतील यमुना ही शिकलेली तरुणी आपल्या पतीसह, विनायकरावासह, प्रवासास निघते. वाटेत तिला ठिकठिकाणी विधवा भेटतात आणि त्यांच्या कहाण्या ती ऐकते. पुढे विनायकरावाचा अपघाती मृत्यू होतो आणि जी दुःखे तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली, ती तिच्याच कपाळी येतात. केशवपनाचे संकट तिच्यापुढे उभे राहते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. धर्मप्रसाराचा हेतू या पुस्तकात लपलेला नाही आणि त्यामुळे कथेच्या ओघाला मधूनमधून खीळ बसते. असे असले तरी केशवपन, उपेक्षा, परावलंबन यांविषयी जे लिहिले आहे, ते त्या वेळच्या समाजात प्रत्यक्ष घडत होते. राजे आणि अप्सरा यांच्या अद्भुत गोष्टी सोडून घरातल्या सामान्य स्त्रीला कथेची नायिका करणे, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

१८६७ साली बाबांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि पुण्याच्या मंडळीचे पाळकपद त्यांनी काही वर्षे सांभाळले. नंतर ते मुंबईस परतले आणि उरलेले आयुष्य मुख्यतः लेखनात घालविले. ‘सत्यदीपिका’ आदी नियतकालिकांचे संपादन त्यांनी केले. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते. हिंदू धर्मावर टीका करताना त्यांची लेखणी पुष्कळदा कठोर होई आणि श्रद्धाळू वाचकांची मने दुखावली जात. तो काळच वादाचा होता. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या कठोरपणाचे कारण कळते. परंतु त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही.

मात्र एक काम असे आहे, की ज्याचा लाभ सर्व धर्मांच्या मराठी माणसांना झाला. मोल्सवर्थ यांचा कोश आकाराने अवाढव्य होता. सामान्य विद्यार्थ्याला तो विकत घेणे परवडणारे नव्हते. बाबांनी १८६३ साली त्याची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजी-मराठी कोशही त्यांनी रचला. एकेक शब्द निवडावयाचा, त्याचा अर्थ तोलावयाचा, अनावश्यक ते गाळावयाचे, हे काम कंटाळवाणे आणि प्रसिद्धीवाचूनचे असते. ते त्यांनी चिकाटीने केले.

१८८८ साली त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. बेळगावातील बालपणापासून धर्मांतरापर्यंतची हकीकत त्यात आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. ज्या चालीरीती त्यांनी सोडल्या, त्यांचेच तपशीलवार वर्णन या ग्रंथात राहिले असल्यामुळे त्या काळचे घर, शाळा आणि समाज पाहण्यासाठी अभ्यासक आजही त्याकडे वळतात. २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबई येथे बाबांचे देहावसान झाले.

बाबांचा धर्म आपल्यापैकी बहुतेकांचा नाही आणि त्यांचे सर्व विचार पटावेत, असा आमचा आग्रहही नाही. पण मराठीच्या अगदी कडेला, कानडी मुलखाच्या शेजारी जन्मलेल्या एका मुलाने या भाषेला कादंबरी दिली आणि तिचा कोश गरिबाच्या हाती पोचविला. सीमाभागातील आपली मराठी अशुद्ध, कानडी वळणाची, म्हणून संकोचाने गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे आणि लेखणी उचलावी.