धडपडणाऱ्या वयाचा सोबती : साने गुरुजी

आरशासमोर तासन्‌तास उभे राहण्याचे एक वय असते. आवाज घोगरा होतो, ओठावर मिसरुडाची पुसट रेघ उमटते, तोंडावर तारुण्यपीटिका येतात, आणि हातपाय आपले नव्हेतच असे वाटू लागते. घरात आपण लहानांत मोडतो की मोठ्यांत, हे कुणी नीट सांगत नाही. काम सांगायचे असले की आपण मोठे, आणि मत विचारायची वेळ आली की लहान! तुम्ही-आम्ही सारे हे वय नुकतेच मागे टाकून महाविद्यालयाच्या पायऱ्या चढलो आहोत. नेमक्या याच वयाच्या मुलांत ज्याने आपल्या उमेदीची सहा वर्षे घातली, असा एक माणूस आपल्या खानदेशात होऊन गेला. साने गुरुजींना आपण मातृभक्त लेखक आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून ओळखतो. पण त्यांच्या चरित्राला ही आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव उतरणीला लागलेले. मुलगा हळवा, लाजाळू आणि भित्रा होता. ‘श्यामची आई’ आपण शाळेत असताना वाचलेली असते, तेव्हा तिच्यातील आईच तेवढी लक्षात राहते. आता पुन्हा वाचली, तर वयात येऊ लागलेला मुलगा पानोपानी दिसतो. शिकायला बाहेरगावी गेलेला श्याम डोक्यावर केस राखतो. वडिलांना ते खपत नाही. केस उतरवावे लागतात, आणि पोराला रडू कोसळते. मोठ्यांच्या दृष्टीने ती चार केसांची गोष्ट. त्या वयाच्या मुलाच्या दृष्टीने सारी अब्रूच तेथे टांगलेली असते. आईने त्याची समजूत घातली, पण त्याला हसली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पोहण्याचा प्रसंगही असाच आहे. विहिरीच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला हीच आई शिपटीने मारून बाहेर काढते, कारण आपल्या मुलाला चारचौघांत कुणी भित्रा म्हणावे, हे तिला सहन होत नाही. मात्र पुरुषाने बायकांच्या कामाला हात लावू नये, ही समजूत तिने त्याच्या मनात रुजू दिली नाही. घरकामात आईला मदत करणारा हा मुलगा पुरुषपण आणि कोमलपण यांत भांडण लावायला शिकलाच नाही. पुढे अमळनेरला त्याचा उपयोग झाला.

शिक्षणासाठी दापोली, मग औंध, मग पुणे अशी वणवण झाली. औंधला हाताने रांधून, कधी अर्धपोटी राहून दिवस काढले. शरीर वाढत होते, त्याला अन्न पुरत नव्हते. मन मैत्रीसाठी आसुसलेले होते, त्याला घर जवळ नव्हते. या वर्षांची हकीकत त्यांनी ‘श्याम’ आणि ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकांत सांगितली आहे. त्यांतील मित्रासाठी झुरणारा, क्षुल्लक बोलाने घायाळ होणारा श्याम वाचताना आपलेच काही कुणीतरी सांगते आहे, असा भास होतो. २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. तो घाव कधी भरून आला नाही, आणि त्यांनी तो भरूही दिला नाही.

पदवी घेतल्यावर तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरला आले. श्रीमंत प्रतापशेठजींनी स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर तेथे होते. पण तत्त्वचर्चेत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२४ साली ते तेथील शाळेत शिक्षक झाले. तीच पुढची प्रताप हायस्कूल. काही काळाने छात्रालयाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आता हे छात्रालय डोळ्यांपुढे आणा. बोरी नदीकाठचे गाव, आणि खेड्यापाड्यांतून आलेली, अहिराणी बोलणारी, पहिल्यांदाच घर सोडून राहिलेली मुले! बारा-तेरा वर्षांच्या पोरापासून मॅट्रिकच्या थोराड विद्यार्थ्यापर्यंत सारे एका छपराखाली. कुणी एका वर्षात वीतभर उंच झालेला, तर त्याच्याच वर्गातला दुसरा अजून बाळसेदार. शरीराची ही घाई किंवा दिरंगाई नैसर्गिकच असते. ग्रंथींच्या स्रावांचे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे असते, हे आज आपण पुस्तकात वाचतो. पण पंक्तीला शेजारी बसणाऱ्या त्या पोरांना ते कोण सांगणार? अशा ठिकाणी चिडवाचिडवी, कुढणे, भांडणे आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणे हे सारे आलेच.

साने सरांनी येथे छडी हातात घेतली नाही. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, पसरलेले कपडे घडी करून ठेवीत. मळलेले कपडे धुऊनही टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. प्रथम मुलांना याचे हसू आले असेल, मग लाज वाटली असेल. उपदेशाने जे होत नाही, ते या मुकाट्याने केलेल्या कामाने झाले. मोठ्या माणसाला आपली किळस येत नाही, एवढे कळले तरी त्या वयात केवढा धीर येतो! त्यांनी छात्रालयाचे हस्तलिखित दैनिक काढले, आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी याच अनुभवाच्या मातीत उगवलेली आहे.

एक उणीव मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. मुलांच्या मनाविषयी एवढे लिहिणारे गुरुजी त्यांच्या शरीराविषयी उघडपणे फारसे बोलत नाहीत. ब्रह्मचर्य, व्यायाम आणि सद्विचार हीच त्या पिढीची उत्तरे होती. त्याच काळात, जुलै १९२७ पासून, मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढीत होते. ज्या शंका मुले जिवलग मित्राजवळही काढीत नसत, त्यांना ते शास्त्राच्या आधारे सडेतोड उत्तरे देत. त्यापायी त्यांनी खटले सोसले. एकाजवळ माया होती, दुसऱ्याजवळ माहिती. छात्रालयातील मुलांना दोन्हींची गरज होती, असे मला वाटते.

आणि मुलींचे काय? त्यांच्यासाठी हा मधला काळ जवळजवळ नव्हताच. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी आल्या. परकरातून थेट संसारात! मुलीच्या विवाहाचे वय किमान चौदा असावे, हे सांगायला १९२९ चा शारदा कायदा यावा लागला. नहाण आलेल्या पोरीची भीती कुणी विचारल्याचे कोठे वाचायला मिळत नाही.

१९३० च्या एप्रिलअखेर गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. धुळ्याचा तुरुंग, त्रिचनापल्लीचा तुरुंग, पुन्हा धुळे असा प्रवास झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. छात्रालय सुटले होते, पण मुलांशी बोलण्याची सवय सुटली नव्हती. ते बोलणे आता कागदावर उतरले, एवढेच.

पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ च्या मे महिन्यात केलेले उपोषण, १९४८ मध्ये काढलेले ‘साधना’ साप्ताहिक, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. तेव्हाही आत तोच हळवा मुलगा होता. इतरांच्या डोळ्यांतले पाणी पुसणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दुःख अखेरपर्यंत मोकळे झाले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. कोवळेपणीच्या एकाकीपणाशी त्याचा धागा जोडण्याचा मोह होतो. पण कुणाच्या मनाचा असा हिशेब आपण मांडू नये.

अखेरच्या काळात ते आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहीत. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. ढग, पाखरे, फुले, इतिहास, देशोदेशीच्या घडामोडी असे सारे त्यांत आहे, आणि मोठी होत चाललेल्या त्या मुलीला ते सारे कळेल, अशा विश्वासाने ते लिहिलेले आहे.