डोंगरावरच्या झुडपांना नावानं ओळखणारे फादर

साखऱ्यात कुणालाही विचारा, करडई ओळखता येते का? हसतील तुम्हाला. पण करडई, देवाला वाहायची शेवंती, तोरणातला झेंडू आणि बांधावरचं गाजर गवत ही सगळी एकाच कुळातली, हे सांगितलं तर? सूर्यफुलाचं कुळ! जगात त्याच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत. आता याच कुळातलं एखादं डोक्याएवढं झुडूप डोंगरावर दिसलं, तर ते इथलंच की बाहेरून आलेलं, हे तुम्ही कसं ठरवणार?

असे प्रश्न घरात बसून सुटत नाहीत, हे ज्यांनी सह्याद्रीत चालून दाखवून दिलं, ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. नाव परकं वाटतंय ना? जन्मही परकाच. 5 डिसेंबर 1903, स्पेनमधलं ला गालेरा नावाचं गाव. लहान वयातच ते जेझुइट संघात गेले आणि 1928 मध्ये भारतात आले. पुढे लंडनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकले, पीएचडी केली. पिरेनीज आणि आल्प्सच्या डोंगरांत झाडं गोळा केली. क्यूच्या जगप्रसिद्ध बागेतल्या हर्बेरियममध्ये भारतीय वनस्पतींचे जुने नमुने अभ्यासले. 1940 मध्ये परत आले ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात बॉटनी शिकवायला.

तेव्हा इथली झाडं ओळखायची तर हाताशी मोठा आधार होता तो थिओडोर कुक यांच्या ग्रंथाचा. कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात आला. काम प्रचंड, पण एवढ्या मोठ्या मुलखाचं. एकेका डोंगरावर नेमकं काय उगवतं, कधी फुलतं, हे बारकाईनं पाहायचं काम उरलेलंच होतं. शिवाय एकाच झाडाला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी शास्त्रीय नावं दिलेली. त्यातलं नियमानुसार खरं कुठलं, हा घोळ वेगळाच.

सांतापाव यांनी खंडाळा निवडला. मुंबईहून रेल्वेनं गाठता येणारा, पावसाळ्यात हिरवागार होणारा. तिथे ते वर्षानुवर्षं वेगवेगळ्या ऋतूंत जात राहिले. हे का गरजेचं होतं? कारण जूनमध्ये पानं दिसतात, फूल नसतं. फूल येतं तेव्हा फळ नसतं. कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते! एका सहलीत ओळख पटत नाही. 1953 मध्ये त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. मग पुरंदरवरचं पुस्तक आलं. खंडाळ्याच्या ग्रंथाची तर 1967 मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. म्हणजे एकदा छापलं की संपलं, असं त्यांचं नव्हतं.

या कामात मेहनत किती, ते सूर्यफुलाच्या कुळावरून कळेल. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर बारीक फुलांचा अख्खा गुच्छ असतो. ओळख पटवायची तर तो फोडून, भिंगाखाली धरून बघावा लागतो. सह्याद्रीत व्हर्नोनिया गटातलं बुंदार नावाचं झुडूप आहे. थंडीत त्याला फिकट जांभळट फुलांचे झुबके येतात. त्याच दिवसांत रानमोडीही फुलते. तीसुद्धा याच कुळातली, झुबकेही तसेच. पण बुंदार इथलं आणि रानमोडी अमेरिका खंडातून आलेली, रान गिळत सुटलेली. लांबून बघून दोघांना एकच समजलात, तर वाचवायचं ते उपटाल आणि उपटायचं ते ठेवाल. नावाला किंमत आहे ती इथे.

गाजर गवताचंही तेच. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि बघता बघता ते देशभर पसरलं. नवा पाहुणा आलाय हे कुणाला कळतं? ज्याला जुने रहिवासी पाठ आहेत, त्यालाच!

पुढे सांतापाव यांच्यावर देशाची जबाबदारी आली. 1960 च्या दशकात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सामान्य वाचकांसाठी त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टकरिता नेहमीच्या झाडांवर छोटं पुस्तकही लिहिलं. 13 जानेवारी 1970 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आजही अभ्यासकांना उपयोगी पडतं.

आता थोडं आपल्याकडचं. कुक यांचा ग्रंथ होता मुंबई इलाख्याचा. साखरा, सेनगाव, हिंगोली हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे ग्रंथाची हद्द आपल्या अलीकडेच संपत होती. झाडांना कुठे सरहद्द कळते? तरी मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा व्ही. एन. नाईक यांचा दोन खंडांचा ग्रंथ यायला 1998 साल उजाडलं. मोठा ग्रंथ आता आहे. पण एकेका टेकडीवर वर्षभर कुणी फिरलंय का? खंडाळ्याला एक फादर मिळाले. तुमच्या गावच्या टेकडीला कोण मिळणार, हा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात अशी करा

• पानं समोरासमोर की एकाआड एक? रानमोडीची समोरासमोर असतात, बुंदारची एकाआड एक.

• गुच्छाच्या कडेला सूर्यफुलासारख्या पाकळ्या आहेत का? वरच्या दोघांनाही त्या नसतात, म्हणून पानं बघणं महत्त्वाचं.

• पान चुरगळून वास घ्या. रानमोडीला उग्र वास येतो.

• पान, फूल, फळ यांचे फोटो वेगवेगळे काढा. ठिकाण आणि तारीख लिहाच.

• छोटी फांदी रद्दी पेपरात दाबून वाळवा आणि कॉलेजच्या बॉटनी विभागात दाखवा. एकुलतं एक झाड दिसलं तर मात्र फांदी तोडू नका, फोटो पुरे.

• त्याच झुडपाकडे दोन महिन्यांनी पुन्हा जा.