वीटभट्टीवाल्याच्या पोराने पृथ्वीवरची सगळ्यात थंड जागा तयार केली होती

एमआरआय काढायला गेलात की आत सोडण्याआधी अंगठी, घड्याळ, किल्ल्या सगळं बाहेर ठेवायला लावतात. कारण त्या मशीनमधलं चुंबक कायम चालू असतं. त्याच्या तारेत वीज एकदा सोडली की ती न थांबता फिरत राहते. पण त्यासाठी ती तार प्रचंड थंड लागते, म्हणून तिला द्रवरूप हेलियमने गार ठेवतात. तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस.

हा हेलियम पहिल्यांदा पातळ कुणी केला? आणि तारेत वीज अशी विनाअडथळा फिरते हे पहिल्यांदा कुठल्या प्रयोगशाळेत दिसलं? दोन्हींचं उत्तर एकच, हाइके कामरलिंग ओनेस.

जन्म २१ सप्टेंबर १८५३, नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन. वडिलांची वीटभट्टी होती. शिकायला ते जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन यांच्याकडे गेले. शाळेच्या लॅबमधला बर्नर ज्यांच्या नावाचा आहे, तेच हे बुन्सेन. १८८२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ओनेस लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी भौतिकशास्त्राची लॅब म्हणजे एक प्राध्यापक, एक मदतनीस आणि एक टेबल. ओनेस यांनी मात्र अक्षरशः कारखानाच उभा केला. पंप, कॉम्प्रेसर, काच फुंकणारे कारागीर. उपकरणं बनवणारी माणसं मिळेनात म्हणून १९०१ मध्ये त्यांच्यासाठी शाळाच काढली. निळ्या कपड्यांमुळे तिथल्या मुलांना निळी पोरं म्हणायचे.

पण मधेच घोळ झाला. लायडनमध्ये १८०७ साली बारुदाने भरलेलं जहाज फुटून दीडशेच्या आसपास माणसं मेली होती, आणि उद्ध्वस्त झालेल्या त्याच भागात ही लॅब उभी होती. दाबाखालच्या वायूंची टाकी तिथे ठेवलीय म्हटल्यावर गाव घाबरलं. १८९५ पासून तीन वर्षं थंडीचं काम बंद पडलं. ते सुरू होईपर्यंत १८९८ मध्ये लंडनच्या जेम्स डेवार यांनी हायड्रोजन पातळ करून दाखवला होता. आता एकच वायू उरला, हेलियम.

(विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर किल्ल्यावर होते असं सांगतात, पण ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहण मात्र भारतातून दिसलं होतं, हे खरं.)

डेवार हुशार होतेच, पण भांडखोरही. ज्या रॅम्झी यांनी पृथ्वीवर हेलियम शोधला त्यांच्याशीच त्यांचं वाकडं होतं. त्यामुळे पुरेसा हेलियम आणायचा कुठून हा प्रश्न त्यांना सुटला नाही. ओनेस यांचा भाऊ व्यापारखात्यात होता. त्याच्या ओळखीने अमेरिकेहून मोनाझाइट वाळू आली आणि तिच्यातून हेलियम काढला गेला.

१० जुलै १९०८. पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रवरूप हवा तयार होती. तिने हायड्रोजन गार करून दुपारपर्यंत २० लिटर पातळ केला. मग त्या हायड्रोजनने हेलियम गार करायचा, आणि शेवटी दाबाखालचा हेलियम बारीक छिद्रातून सोडायचा, म्हणजे तो फैलावताना आणखी गार होतो. संध्याकाळी थर्मामीटर एका जागी अडकला. सगळ्यांना वाटलं, फसलं. तेवढ्यात बघायला आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक श्राइनमाकर्स म्हणाले की हे द्रवात बुडाल्यासारखं दिसतंय, खालून उजेड टाकून बघा. उजेड टाकला, तर भांड्यात द्रवाची कड दिसली. जेमतेम ६० घनसेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या कपापेक्षाही कमी. आणि ते भांडं होतं डेवार यांनीच शोधलेल्या थर्मासच्या जातीचं!

पुढचा प्रश्न असा होता की इतक्या थंडीत धातूतून वीज कशी वाहते? लॉर्ड केल्विन यांच्या मते इलेक्ट्रॉन गोठतील आणि वीज थांबेल. ओनेस यांनी पारा निवडला, कारण तो पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून एकदम शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी निरपेक्ष शून्याच्या ३ अंश वर पाऱ्याचा विद्युतरोध जवळजवळ नाहीसा झाला. पुढे कळलं की तो हळूहळू कमी होत नाही, ४.२ अंशांजवळ एकदम कोसळतो. हीच अतिवाहकता.

एका निळ्या पोराला डुलकी लागली, तापमान चढलं आणि त्यातून हा शोध लागला, अशी कथा फार चालते. शंभर वर्षांनी ओनेस यांच्या वह्या वाचल्या गेल्या, तेव्हा तिला आधार सापडला नाही. पेन्सिलीतलं ते अक्षर इतकं किचकट, की वाचणाऱ्यांचा घाम निघाला. वर साल चुकून १९१० लिहिलेलं. त्याच दिवसाच्या नोंदीत आणखी एक ओळ आहे. आणखी थंड केल्यावर हेलियमचं उकळणं अचानक थांबलं, असं तिच्यात लिहिलंय. ती अतिप्रवाहिता होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही आणि तो शोध १९३८ पर्यंत पडून राहिला.

१९१३ चं भौतिकीचं नोबेल ओनेस यांना मिळालं. त्याच वर्षी साहित्याचं रवींद्रनाथ टागोरांना.

एक गोष्ट खटकते. त्या दिवशी रोध मोजत होते गिलेस होल्स्ट, थंडीचं यंत्र चालवत होते खेरिट फ्लिम. शोधनिबंधावर नाव एकट्या ओनेस यांचं. तेव्हाची पद्धतच तशी होती म्हणतात, पण कारखाना उभा करणाऱ्या माणसाला तो एकट्याने चालत नाही हे ठाऊक असणारच. होल्स्ट पुढे फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख झाले.

ओनेस २१ फेब्रुवारी १९२६ ला गेले. हेलियम घट्ट करायचं त्यांना जमलं नव्हतं. काही महिन्यांतच त्यांच्याच लॅबमध्ये केसोम यांनी ते करून दाखवलं.

पाऱ्यावर सुरू झालेली ही शोधाशोध मुंबईपर्यंतही आली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या टीमने २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथचा स्फटिक गार करत नेला. प्रचलित सिद्धांतानुसार त्यात अतिवाहकता दिसायला नको होती. निरपेक्ष शून्याच्या वर ०.०००५३ अंशावर ती दिसली.